तीनशे बारावी गोष्ट

मला सांगितलेल्या गोष्टी माझ्या गळ्यात रांगेनं उभ्या असतात. आधी आलेली पुढे, नंतर आलेली मागे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एकदा बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "बऱ्याच आहेत. पण कोणी ढकलाढकली करत नाहीये." त्यांनी गुळण्यांचं औषध दिलं.

मी बार्शीत समुपदेशन केंद्र चालवते. अकरा वर्षांत माझ्या गळ्यातली एकही गोष्ट बाहेर पडली नव्हती. पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला सांगते, "इथलं इथंच राहील. फक्त कोणाच्या जिवावर बेतणार असेल, तर मला बोलावं लागेल." लोक मान हलवतात आणि फॉर्मवर सही करतात.

तोडकर सरांनीही केली होती. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई चार वर्षं अर्धांगानं अंथरुणाला खिळून होत्या. सर दर गुरुवारी अकराला यायचे आणि बहुतेक वेळ गप्प बसायचे. त्या गुरुवारी म्हणाले, "मॅडम, आज चारला मी इंदूला संपवणार आहे. मग मी."

"सर, हे मला सांगावं लागेल."

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला सांगितलं," ते म्हणाले. "मला स्वतःला थांबवता येत नाहीये."

मी हात धरायला उठले तोवर ते जिना उतरून गेले होते. त्यांची गोष्ट माझ्या गळ्यात सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. तीनशे बारावी.

मी पोलीस ठाण्यात फोन लावला. तोंड उघडलं तर पहिली गोष्ट बाहेर आली: गव्हाणकरबाईंना त्यांची धाकटी मुलगी कधी आवडलीच नाही. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं.

"यात गुन्हा काय आहे?" असं विचारून त्यानं फोन ठेवला.

मग सरांचं लिहून द्यावं म्हणून मी कागद घेतला. हातानं दुसरी गोष्ट लिहिली.

रिक्षावाल्याला फॉर्मवरचा पत्ता दाखवून मी सरांच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. इंदुमतीबाई दाराकडे तोंड करून पडल्या होत्या.

"या. तुम्ही त्या समुपदेशनवाल्या ताई ना? हे बाहेर गेलेत."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि तिसरी गोष्ट सांगायला लागले. दुसरा इलाज नव्हता. तीनशे बारावीपर्यंत असंच जावं लागणार होतं.

ज्याची गोष्ट, तो माणूस दारात येऊ लागला. चपला काढून आत येत, जागा मिळेल तिथं बसत. सगळ्यांत आधी गव्हाणकरबाई आल्या. सोबत त्यांची धाकटी मुलगी होती, शाळेच्या गणवेशात.

"मावशी, मी कुठं बसू?" तिनं मला विचारलं. मी सहावी गोष्ट सांगत होते.

माणसं मावावीत म्हणून खोली लांब होत गेली. विसाव्या गोष्टीला इंदुमतीबाईंचा हात माझ्या हातातून सुटला. साठावीला त्यांचा पलंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता आणि मध्ये माणसं मांडी घालून बसली होती. मी भरभर बोलायला लागले. काही गोष्टी अर्ध्यावर सोडून पाहिल्या. अर्धी सोडलेली गोष्ट आत जाते आणि पुन्हा पहिल्यापासून येते.

"ताई, आमचं का सांगितलंत?" मध्येच कोणीतरी विचारलं. माझ्याकडे उत्तर होतं. पण तेही रांगेत मागे होतं.

"सावकाश बोला," पलंगावरून इंदुमतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज लांबून येत होता. "मला कुठं जायचंय? किती वर्षांनी घरात एवढी माणसं आली. ह्यांनी बघायला हवं होतं."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले तेव्हा मी एकशे सत्त्याऐंशीव्या गोष्टीत होते. तोडकर सर दारात आले. त्यांनी खोलीभर पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. चपला न काढता ते उंबऱ्यावर थांबले.

एकशे सत्त्याऐंशीवी संपली. सरांनी श्वास रोखून धरला.

एकशे अठ्ठ्याऐंशीवी सुरू झाली. एका पोस्टमनला वडिलांच्या तेराव्याला जेवताना फार आनंद झाला होता. सरांनी ती शेवटपर्यंत ऐकली. पोस्टमन त्यांच्या अंगावरून आत येऊन बसला.

"चालू द्या, मॅडम," सर हळूच म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या, भिंतीशी नीट लावल्या आणि पलंगाकडे निघाले. मी बोलत होते. मध्ये बसलेल्या माणसांनी, त्यांना वाट मिळावी म्हणून, एकेक करून गुडघे बाजूला घेतले.