अंगणातली वाट

दर रविवारी ती मंडळी मॉरीनच्या अंगणातून जायची. लीड्सहून यायची, डोंगर पायी तुडवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायची. तिच्या खिडकीखालून जाताना ना नमस्कार, ना चमत्कार. तिचा नवरा हॅरल्ड गेला, त्या आठवड्यातही मान खाली घालून गेली. यांच्यापेक्षा मेंढरं बरी, निदान वळून बघतात! इथे काहीतरी पाणी मुरतंय, हे मॉरीनने तेव्हाच ओळखलं.

छडा लावायचा म्हणून तिने माहेरचं आडनाव सांगून त्यांच्याच गटात नाव घातलं. पडद्याआडून बघणाऱ्या बाईचा चेहरा कोण ओळखणार? स्टेशनवर म्होरक्या क्लिफर्डने तिचे बूट तेवढे न्याहाळले. "चालतील," तो म्हणाला.

दुपारी दगडी कुंपणाच्या आडोशाला सगळे जेवायला बसले. शेजारी बसलेल्या डोरीनने न विचारता अर्धं सँडविच तिच्या हातावर ठेवलं. "खा गं, हाडं नुसती!" मॉरीनला हसू फुटलं, आणि हसल्याचा रागही आला.

"पुढे थ्रॉपगिलचं शेत लागेल," क्लिफर्डने मॉरीनच्याच शेताचं नाव घेतलं. "नव्या माणसांनी ऐका. तिथे कुणाशी बोलायचं नाही. परवानगी तर मुळीच मागायची नाही."

"का बरं?" मॉरीनने साळसूदपणे विचारलं.

"वीस वर्षं न विचारता चाललो, की वाट सगळ्यांची होते. मग मालकाच्या बापालाही बंद करता येत नाही. आता एकच वर्ष उरलंय. मधेच मालकाने 'या' म्हटलं, तर आपण पाहुणे झालो. सगळं मुसळ केरात!"

मॉरीनच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं अंगण, आणि हे चोर!

डोरीन हळूच म्हणाली, "तिथल्या बाईचा नवरा गेला ना, तेव्हा मी केक केला होता. पण क्लिफर्डने दार वाजवू दिलं नाही. अजून चुटपुट लागते बघ."

मॉरीनने उरलेलं सँडविच खाली ठेवलं. खरं बोलतेय, की मी कोण ते हिला कळलंय? उतारभर ती डोरीनकडे तिरक्या नजरेने बघत राहिली.

फाटकापाशी पोचल्यावर ती सगळ्यांच्या पुढे झाली. कडी काढून वळली.

"मी मॉरीन. हे माझं घर. या, चहा ठेवते."

क्लिफर्डचा चेहरा पांढराफटक पडला. "अस्सं! म्हणजे पाळत ठेवायला आलात!"

"आणि माझ्या अंगणातून न विचारता कोण जात होतं, ते तुम्हीच सांगा."

डोरीन दोन पावलं पुढे आली आणि थांबली. "खरंच चहाला बोलावतेस, की आम्हाला घालवतेस?"

मॉरीनला दोन्ही हवं होतं. ती फाटक धरून उभी राहिली.

डोरीनने पिशवी सावरली आणि बाकीच्यांमागे परत डोंगर चढू लागली. वाट मॉरीनचीच राहिली. पुढच्या रविवारी तिने चहाचं आधण ठेवलं, पण खिडकीखालून कुणीच गेलं नाही.