पाण्यातून दिलेली लस

नीरजा नौपाड्यातल्या घरी डबा भरत होती, तेवढ्यात समृद्धीचा फोन आला. "ताई, कोंबड्यांच्या माना वाकड्या होतायत. सकाळपासून पटापट मरतायत."

नीरजाने डबा तसाच ओट्यावर सोडला. मानपाड्याजवळच्या प्रयोगशाळेत ती कोंबड्यांच्या मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगावर नव्या प्रकारची डीएनए लस बनवत होती. एकेका कोंबडीला सुई टोचणं शेडवाल्यांना जमत नाही, म्हणून लस सूक्ष्म कणांत गुंडाळून दुसऱ्या वाटेने द्यायची, असा तिचा प्रयत्न. कल्याणजवळच्या आपल्या शेडमध्ये चाचणी करू द्यायला समृद्धी आणि तिचा नवरा दिपेश तयार झाले होते. शेडच्या एका बाजूला लस पाण्यातून दिली होती, दुसऱ्या बाजूला डोळ्यात थेंब टाकून.

नीरजा पोचली तेव्हा समृद्धी उघड्या हातांनी मेलेल्या कोंबड्या गोणीत भरत होती. चेहरा तापाने लाल झालेला.

"हात लावू नकोस! बाहेर ये आधी!" नीरजा ओरडली.

"कालपासून कणकण आहे गं. एवढं काय?"

बर्ड फ्लूतही कोंबड्या अशाच मरतात, आणि तो माणसालाही होऊ शकतो. नीरजाने तो शब्द उच्चारला नाही, पण समृद्धीच्या सासूबाई, आवडाबाई, तिच्या तोंडाकडेच बघत होत्या.

"माझे सुनंला काय होनार नाय ना गो बाय?"

नीरजाने सरकारी डॉक्टरांना फोन लावला.

सरकारी डॉक्टर नमुने घेऊन गेले. समृद्धीला इस्पितळात वेगळ्या खोलीत ठेवलं. रिपोर्ट येईपर्यंत नीरजा सारखी इस्पितळात फोन करत राहिली. आपण त्या घरात पाऊलच टाकलं नसतं तर, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

शेवटी कळलं, कोंबड्यांना मानमोडीच झाली होती. समृद्धीचा ताप साधा निघाला. इस्पितळाच्या पायरीवर बसून नीरजा रडली.

मग ती शेडवर गेली. थेंब दिलेल्या बहुतेक कोंबड्या उभ्या होत्या. पाण्याची बाजू जवळजवळ रिकामी होती.

"म्हणजे लस फेल?" दिपेशने विचारलं.

"पाण्यातून ती सगळ्यांपर्यंत पोचली नसावी. दांडग्या कोंबड्या भरपूर प्यायल्या असतील, बारक्या मागे राहिल्या असतील. मी आधीच हा विचार करायला हवा होता."

दिपेश मेलेल्या कोंबड्या पुरायच्या खड्ड्यात चुना टाकत राहिला. "आणि या राहिल्यात त्या? टिकतील?"

"माहीत नाही रे," ती म्हणाली. मग ती थेंबाच्या बाजूला उरलेल्या कोंबड्या मोजू लागली.