मला पोटभर चारू नका

मी विजेवरचा ट्रॅक्टर बोलतोय. धडधडत नाही म्हणून चिंताकीच्या शिवारात सगळे मला 'मुका' म्हणतात. आज हा मुका बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही.

मला गावात आणलं शैलश्रीनं. बंगळूरला शिकून ती परतली आणि बापाला, गुरुशांतप्पांना, म्हणाली की रान मी करते. बाप म्हणाले, येती पेरणी या मुक्यानं वेळेत उरकली तर रान तुझं. नाहीतर शेजारच्या अंकुशरावाला बटईनं देतो.

रब्बीची रास झाली. उन्हाळाभर मला काम नव्हतं, आणि शैलश्रीला बहिणीच्या बाळंतपणाला सोलापूरला जावं लागलं. जाताना तिनं बापाला नीट समजावलं. बॅटरी निम्मीच भरलेली ठेवा, मुख्य स्विच बंद करा, गार सावलीत उभा करा, जवळ कडबा नको. बाप मान डोलवत राहिले. मला वाटलं, ऐकलं.

कुठलं ऐकतायत! ती गाडीत बसली आणि अंकुशराव हसत म्हणाला, "अण्णा, जनावराला अर्धपोटी कामून ठेवायलाव?"

झालं. मला काठोकाठ भरलं आणि भर वैशाखात पत्र्याच्या शेडात उभं केलं. बैल पोटभर खाऊन रवंथ करतो. मी काय करू? भरल्या बॅटरीनं तापल्या पत्र्याखाली मी नुसता आतून झिजत होतो. स्विच चालूच, कारण दिवा लुकलुकला की बापांना मी जिवंत वाटायचो. त्या दिव्यानं मला सुरू करणारी वेगळी छोटी बॅटरी पिऊन टाकली. भोवती कडबा रचला, कडब्यात उंदीर आले, त्यांनी वायरी कुरतडल्या. आणि याला माया म्हणायचं!

शैलश्री परतली ती बैलांच्या सणाला, कारहुणवीला. बैल धुऊन झाले होते. बाप पाण्याचा पाइप घेऊन माझ्याकडे वळले. माझ्या चार्जिंगच्या तोंडावरचं झाकण उघडंच होतं. तिनं पाइप हिसकावला.

"अप्पा, बैलाच्या नाकात पाणी सोडता का तुम्ही?"

"सणाचं अंग धुवायलोय, पोरी. चिडायलीस कामून?"

तिनं किल्ली फिरवली. दिवासुद्धा लागला नाही.

उदगीरहून मिस्त्री आला. वायरी बदलल्या, छोटी बॅटरी नवी बसवली, सगळं कोरडं असल्याचं बघून मला हळूहळू चार्ज केलं. मी चाललो. पण पूर्वी एका चार्जिंगवर सगळं वरचं रान ओढायचो, आता मधल्या बांधावरच दम संपतो. गेलेला दम परत येत नाही. निम्मं रान पेरून होतंय तोवर ओल सरली, आणि उरलेलं निम्मं अंकुशरावाकडं गेलं. आता तोच पारावर सांगतो, मुका म्हातारा झाला म्हणून.

मी म्हातारा झालो नाही. मला म्हातारं केलं. पोरीनं साध्या भाषेत सांगितलेलं कुणी मनावर घेतलं नाही, शेजाऱ्याचा एक टोमणा मात्र घेतला.

आता सोयाबीनची रास होईपर्यंत मला काम नाही. शेडातला कडबा हलवलाय. काल चार्जिंग चालू असताना बाप माझ्याजवळ येऊन थांबले.

"पोरी, निम्मं झालंय. काढू का?"

"काढा, अप्पा."

त्यांनी काढलं. मुख्य स्विच स्वतःच्या हातानं बंद केला. दिवा विझला.

माझा राग विझला नाही. एवढंच तर विचारायचं होतं, निम्मं रान जायच्या आधी.