चिमूटभर मीठ

वडील रक्तदाबाने गेले तेव्हापासून मिठाशी ताईचा उभा दावा होता. धाकटा भाऊ वेल्डर. तो मिठाच्या बरणीत बोट बुडवून चाटताना दिसला, तशी तिने बरणी कपाटात कोंडली आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली.

"ताई, चिमूटभर दे गं," तो लहान पोरासारखा गयावया करायचा.

"बाबांच्या मागे जायचंय का तुला?"

तो वाळला, काळवंडला. ठिणग्यांसमोरचं काम, दुसरं काय, ताई म्हणाली. उठताना त्याला भोवळ यायची, तेव्हा तिने आळशी म्हणून खडसावलं. आज तो कोसळला. दवाखान्यात तासाभरात सगळं संपलं.

डॉक्टर बाहेर आले. "मीठ फार खायचे का हो?"

"खायचा. पण मी मोडली ती खोड," ताई रडतारडताही ठसक्यात म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी बंद पडल्या होत्या. अंगात मीठ धरून ठेवणारं संप्रेरकच बनत नव्हतं. मीठ लघवीतून वाहून जायचं, रक्तदाब घसरायचा. वरून खायचे, त्यावरच तगले होते."

दवाखान्यात येताना गाडीत तो मनगटावरचा घाम चाटत होता, आणि ताईने त्या हातावर फाडकन फटका मारला होता.