बसमागची गाडी

मी धाड गावच्या वामनरावांची मोटारसायकल. आयुष्याची तीन वर्षं मी एका एसटी बसच्या मागे काढली, त्याबद्दल बोलते आहे.

माझी खरेदी चिखलीच्या शोरूममधली. हँडलला झेंडूचा हार घातला, चाकापुढे नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर मेथीचं पोतं बांधलं. शेत, बाजार, घर. काम समजण्यासारखं होतं.

मग वामनरावांची अश्विनी बारावी झाली. तिला बुलढाण्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि एसटीचा पास निघाला. पहिल्या दिवशी आम्ही तिला स्टँडवर सोडलं. बस निघाली. वामनरावांनी मला किक मारली, पण घराकडे वळवलं नाही.

पहिला दिवस आहे, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी कळलं की तसं काही नाही.

बस थांबली की आम्ही थांबायचो, निघाली की निघायचो. कॉलेज सुटेपर्यंत गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचो, आणि परत तीच बस. ड्रायव्हरला आमची इतकी सवय झाली की आम्ही मागे पडलो तर तो वेग कमी करायचा. वामनरावांचा सदरा धुरानं काळा व्हायचा.

झुंबरबाईंनी तो धुता धुता एकदा नवऱ्याला विचारलं, "शिकाले तिले घातलं का तुमाले?"

आपण मुलीवर नजर ठेवत नाही, ड्रायव्हरवर ठेवतो, असं वामनरावांनी सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच भीती वाटायची. कशाची, ते त्यांना सांगता यायचं नाही, म्हणून ती कमीही व्हायची नाही.

सुरुवातीला अश्विनी मागच्या खिडकीतून आम्हाला हात करायची. तिच्या शेजारी दोन मैत्रिणी असायच्या. एकदा स्टँडवर वामनरावांनी त्या दोघींना सहज विचारलं की काल एवढ्या कशाला हसत होत्या. त्यानंतर त्या हसेनाशा झाल्या. महिन्याभरात त्या दुसऱ्या सीटवर बसू लागल्या. अश्विनी पुढे, ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली. तिथून मी दिसत नाही.

वामनराव मात्र कॉलेजात रुळले. परीक्षेचं वेळापत्रक त्यांना तिच्या आधी कळायचं. प्रॅक्टिकलला तिच्या जोडीला कोण असावं, हेही त्यांनी सरांना सुचवलं. एका नव्या शिपायानं तर त्यांना प्राध्यापक समजून नमस्कार केला. त्यांनी तो घेतला.

तिसऱ्या वर्षी वर्गाची सहल लोणारला निघाली. अश्विनीनं घरी सांगितलं नव्हतं, पण टपरीवर सगळं कळतं. चिखली, मेहकर करत आम्ही बसमागे लोणारला पोचलो. माझ्या हँडलला तिचा डबा आणि स्वेटर. ऊन मरणाचं होतं.

विवराच्या काठावर, माझ्यापासून दहा पावलांवर, सर मुलांना विचारत होते की हा खड्डा उल्केनंच झाला हे कशावरून सांगाल. त्यांनी अश्विनीकडे बोट केलं. ती गप्प राहिली.

"सर, तिले येते," मागून वामनराव म्हणाले. "घरी चांगली सांगते. जरा लाजते."

मुलं आपापल्या चपलांकडे बघू लागली. सर खाली पाण्याकडे बघू लागले. अश्विनी चालत आमच्यापाशी आली. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती हळूच बोलली.

"बाबा, मले येत नव्हतं. मले 'नाही येत' म्हणायचं होतं. तेवढं तरी मले म्हणू द्या."

"मी तं तुया भल्यासाठीच आलो."

"मालूम आहे. म्हणून तं तीन वर्षं बोलता नाही आलं."

तिनं डबा घेतला. स्वेटर तसाच ठेवला आणि वर्गाकडे परत गेली. थोड्या वेळानं ते सगळे खाली उतरले. वामनराव माझ्या सीटवर बराच वेळ बसून राहिले. मग बस तिथेच ठेवून आम्ही निघालो. समोर रिकामा रस्ता होता. तीन वर्षांत तो मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी अश्विनी एकटी चालत स्टँडवर गेली. वामनरावांनी मला धुतलं. दुपारी पुन्हा धुतलं. बस यायच्या वेळेला तिसऱ्यांदा धुतलं. मी मळलेली नव्हते. ती घरात आली, तेव्हा ते फडकं पिळत होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. ती स्वतःहून ओट्यावर बसली आणि कॉलेजातलं काहीबाही सांगू लागली. फडकं कोरडं झालं तरी ते पिळतच होते.

आता ती अमरावतीला एम.एस्सी. करते, होस्टेलवर राहते. रविवारी फोन करते. मी पुन्हा मेथी वाहते. माझी चेन सैल झाली आहे, आरसा एकच उरला आहे, पण तक्रार नाही.

परवा वामनरावांनी मला मेकॅनिककडे नेलं. चेन घट्ट करून झाल्यावर त्यांनी विचारलं, ही अमरावतीपर्यंत जाईल का. मेकॅनिक म्हणाला, आरामात जाईल.

"नाही, सहज विचारलं," वामनराव म्हणाले आणि मला घराकडे वळवलं.

मेकॅनिकनं पुढच्या वेळी नाही म्हणावं, एवढीच माझी विनंती आहे.