एका क्लिकमधली शिंक

मास्तरांची सगळी कीर्ती एका फोटोवर उभी होती. न्हाव्याला शिंक येतेय, वस्तरा अधांतरी आहे आणि गिऱ्हाइकाचे डोळे खोबणीतून बाहेर यायला निघालेत. "एकच क्लिक," असं मास्तर चाळीस वर्षं फोटोग्राफीच्या वर्गात ऐकवत आले होते. "दुसरा फोटो काढावा लागला, की समजा नजर कच्ची."

त्यांच्या सत्कारानिमित्त प्रदर्शन ठरलं आणि विद्यार्थ्यांनी बाईंकडे जुने कागद मागितले. बाई म्हणजे मास्तरांची बायको. फिल्म धुण्यापासून प्रिंट काढण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. त्यांनी त्या फोटोची कॉन्टॅक्ट शीट काढून दिली, म्हणजे अख्ख्या रोलचे इवलेसे फोटो ओळीने छापलेला कागद. उद्घाटनाला मास्तर आले तर तो दारातच टांगलेला.

छत्तीसच्या छत्तीस फोटो न्हाव्याचे. पहिल्या दहांत तो मुकाट दाढी करतोय. अकराव्यात कोपऱ्यातून मास्तरांचा हात आलाय, हातात मिरपुडीची पुडी. पुढे ती पुडी न्हाव्याच्या नाकाकडे सरकत गेलीय. विसावा पार हललाय, कारण तिथे बहुधा मास्तरच शिंकले असावेत.

विद्यार्थी पोट धरून हसत होते. मास्तर काढता पाय घेणार, तोच एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, तिसाव्यावर निळ्या पेन्सिलीने 'हाच' लिहिलंय. पण गाजला तो एकोणतिसावा. त्याच्याभोवतीचा लाल गोल कोणाचा?"

मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. निळी पेन्सिल त्यांची. पण तिसाव्यात शिंक येऊन गेली होती आणि गिऱ्हाइकाचं तोंड न्हाव्याच्या कोपराआड. अगदीच टाकाऊ फोटो. लाल पेन्सिल घरात एकच माणूस वापरायचं.

"बोलली का नाहीस?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"एकोणतिसावा छापला, तेव्हा बोलणारच होते. पण ओली प्रिंट बघून तुम्ही म्हणालात, 'बघ, काय निवडलाय मी.' इतके खूश होतात, म्हटलं राहू दे."

मास्तरांना लाज वाटली. गोल माझाच, असं म्हटलं असतं तरी कोणी हटकलं नसतं. बाईंनी तर मुळीच नाही.

"गोल हिचा," ते विद्यार्थ्यांना म्हणाले. "छत्तिसांतला एक कसा निवडायचा, हे मी तुम्हाला कधी शिकवलंच नाही, कारण मलाच येत नाही. उद्यापासून तो तास ही घेईल. मीही येऊन बसेन."

"वेळेवर या म्हणजे झालं," बाई म्हणाल्या.