पाण्यावरचे ओरखडे

मित्रांनो, मला जुने म्हणायचे की नवे, हे अजून कुणालाच धड ठरवता आलेले नाही. संग्रहालयांत हजार हजार वर्षांची नाणी असतात. त्यांच्यासमोर मी म्हणजे दूधपिते पोर. तरीही माझे जे काही व्हायचे होते ते होऊन गेले आहे. माझ्या अंगावर किंमत कोरलेली आहे, पण मी आजवर एक पेन्सिलसुद्धा विकत घेतलेली नाही. घ्यायचीच नव्हती. मी प्रूफ नाणे आहे, म्हणजे वापरण्यासाठी नव्हे, फक्त पाहण्यासाठी घडवलेले.

पाणथळ जागा वाचवण्याची मोठी मोहीम झाली होती. तिची आठवण म्हणून देशाच्या टांकसाळीने पाणपक्ष्यांची एक मालिका काढली, दर वर्षी एक पक्षी. माझ्या वाट्याला पाणकावळा आला. पाण्यात बुडी मारून वर आलेला, खडकावर बसून पंख पसरून वाळवणारा.

माझी चांदीची चकती आधी तापवून मऊ केली, धुतली, चकाकवली. ज्या ठशाखाली मला दाबायचे होते त्याचा सपाट भाग, म्हणजे पक्ष्याभोवतीचे पाणी, एका कारागीर बाईंनी हिऱ्याच्या भुकटीने घासून आरशासारखा केला होता. पक्ष्याचा भाग मात्र मुद्दाम धुरकट ठेवला होता. साधे नाणे एका दणक्यात जन्माला येते. मला पुन्हा पुन्हा दाबले, तेव्हा कुठे त्या पंखांतले एकेक पीस मोकळे झाले. मग बाईंनी हातमोजे घालून मला कडेने उचलले, दिव्याखाली तिरके धरले आणि शेजारणीला म्हणाल्या की, यातले पाणी खरेच ओले वाटते. ही माझी पहिली शाबासकी. पुढे फारशा मिळाल्या नाहीत, म्हणून ती एवढी लक्षात आहे.

मला पारदर्शक डबीत बंद केले आणि तिथून माझ्या कटकटी सुरू झाल्या.

एका गावात एक चष्म्याचे दुकानदार होते. एकटाच जीव. खिशात कायम भिंग असायचे, म्हणून नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात सगळे त्यांना भिंगराव म्हणत. मालिकेतले बाकी सगळे पक्षी त्यांच्याकडे होते. विक्रीच्या दिवशी ते सकाळपासून संगणकासमोर बसले, तर टांकसाळीची वेबसाइट बंद पडलेली. पडद्यावर एक गोल फिरत राही आणि शेवटी 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणे. दुपारी पान उघडले तेव्हा मी संपले होते. मी कसले संपते? गोदामात, चुकीच्या कप्प्यात, एका खोक्यात मी पडून होते. ओरडून सांगावे असे वाटत होते, पण नाण्याला तोंड असले तरी ते दुसऱ्या कुणाचे तरी असते.

भिंगरावांनी फोन केले, तर पलीकडून संगीत ऐकू येई. शेवटी ते स्वतः विक्रीच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. खिडकीतल्या माणसाने सांगितले की पाणकावळा नाही, बगळा हवा असेल तर आहे. बगळा त्यांच्याकडे होताच. ते तसेच परत आले.

पुढे कधीतरी गोदाम आवरले गेले, मी सापडले आणि भिंगरावांनी खिडकीत नोंदवलेल्या पत्त्यावर मला धाडले गेले. कुरिअरवाला आला तेव्हा चष्म्याचे दुकान नेमके बंद होते. त्याने मला शेजारच्या सलूनमध्ये टाकले आणि तो निघून गेला. मित्रांनो, हातमोज्यांशिवाय ज्याला कुणी शिवले नव्हते, ते नाणे कापलेल्या केसांच्या ढिगाशेजारी आठवडाभर पडून होते. न्हावीदादा विसरले होते, दुसरे काय!

पण भिंगरावांनी मला उघडले तो दिवस मात्र चांगला गेला. भिंग डोळ्याला लावून ते इतका वेळ पाहत बसले की समोरच्या चहावर साय धरली. त्यानंतर त्यांनी मला इतर पक्ष्यांच्या रांगेत ठेवले, लोखंडी कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. अंधारात वर्षे गेली. एखाद्या रविवारी दार उघडे, ते बघत आणि दार पुन्हा बंद होई. हळूहळू माझ्या कडेला सोनेरी आणि मग जांभळट छटा चढली. भिंगरावांना तिचे केवढे कौतुक! ती विकत मिळत नाही, काळच ती देतो, असे ते मंडळातल्या मित्राला फोनवर सांगत. घरात दुसरे कुणी नव्हतेच सांगायला.

मग ताई आल्या. भिंगरावांची ही थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्यांना न्हाऊमाखू घालून मोठे केले. पुढे त्या एका रुग्णालयात मेट्रन झाल्या. चादरीला सुरकुती दिसली तर अख्खा वॉर्ड उभा करत, अशी त्यांची ख्याती. आता गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि विश्रांतीला त्या भावाकडे आल्या होत्या. पण विश्रांती कशी घ्यायची हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. चार दिवसांत स्वयंपाकघरातले डबे लखलखू लागले, नळ चमकू लागले, दारांच्या कड्यासुद्धा सुटल्या नाहीत.

त्याच आठवड्यात गावच्या वाचनालयात मंडळाचे प्रदर्शन होते. भिंगरावांची मालिका पहिल्यांदाच लोकांसमोर येणार होती. आदल्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला कपाटातून काढून टेबलावर ओळीने मांडले, तेवढ्यात दुकानातून बोलावणे आले आणि ते घाईने गेले. घराबाहेर पडताना ताईंना एक शब्द सांगितला असता, तर हे आत्मवृत्त मी वेगळ्या सुरात सांगितले असते.

ताई काठी टेकत टेबलापाशी आल्या. आमच्याकडे पाहिले. माझी जांभळट कड पाहून त्यांनी 'च्च' केले. भावाने एवढ्या हौसेने जमवलेली वस्तू, उद्या चार लोक बघणार आणि ही अशी काळवंडलेली! त्यांनी डबीच्या फटीत नख घातले, मला बाहेर काढले, जुना मऊ फडका आणला आणि टूथपेस्ट लावून मला मनापासून घासले. गाणे गुणगुणत घासले. कडेची छटा गेली, हे तर झालेच. पण त्या आरशासारख्या पाण्यावर बारीक बारीक ओरखड्यांचे जाळे उठले, आणि पाणकावळ्याच्या पंखांवरचा धुरकटपणा पुसला गेला. मी फडक्यात होते. मला कळत होते. मी काय करणार?

ताई बगळ्याची डबी उघडायला लागल्या तेवढ्यात भिंगराव परतले.

"बघ, कसं झगझगीत केलं," ताई म्हणाल्या.

भिंगरावांनी मला हातात घेतले. भिंग लावलेच नाही. लावायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा पांढरा पडला. आईच्या जागी असलेल्या बहिणीवर आवाज कसा चढवायचा? ते फक्त म्हणाले, "राहू दे ताई. बाकीची मी करतो."

राग गिळला की तो जिरतो असे नाही. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात त्यांनी मला इतर पक्ष्यांमध्ये न ठेवता शेजारी वेगळे ठेवले आणि पुढे एक पाटी उभी केली: 'अज्ञानाने घासून नासवलेले नाणे. असे करू नये.' गंमत म्हणजे सगळ्यात जास्त गर्दी माझ्यापुढेच झाली. इतकी वर्षे मी लोकांच्या नजरेसाठी झुरत होते आणि लोक आले ते माझी दुर्दशा पाहायला!

दुपारी ताई रिक्षा करून, काठी टेकत आल्या. भावाला न सांगता आल्या होत्या, कौतुकाने. त्यांनी पाटी वाचली. शेजारी एक गृहस्थ आपल्या मुलीला समजावत होते की कुण्या अडाण्याने हे केलेले दिसते. ताईंनी मान हलवली आणि आल्या तशा निघून गेल्या.

भिंगरावांना हे ठाऊकच नव्हते. संध्याकाळी ते आम्हाला घेऊन घरी आले, तेव्हा ताई पिशवी भरून बसल्या होत्या.

"पाटीवर माझं नाव लिहायचं राहिलं तुझं," त्या म्हणाल्या.

भिंगराव खुर्चीत बसले. बोटांनी डबी फिरवू लागले.

"परवा मी तुझ्या दुकानात बसले होते," ताई शांतपणे म्हणाल्या. "येईल त्या गिऱ्हाइकाला तू सांगत होतास, काच शर्टाच्या टोकानं पुसू नका. अनोळखी माणसांना सांगतोस. मला एकदा तरी म्हणालास का, ताई, ये, कपाटात काय आहे ते दाखवतो?"

"तुला कंटाळा आला असता."

"आलाच असता. तरी बसले असते की."

भिंगराव उठले. ताईंच्या पिशवीतली लुगडी त्यांनी परत खुंटीवर टांगली, पाटीचे दोन तुकडे केले आणि टेबलावरचा दिवा लावला. एकेक पक्षी काढून त्यांनी बहिणीपुढे ठेवला. ताईंनी हातमोजे चढवले, तेही इतक्या सराईतपणे की भिंगराव पाहत राहिले. पक्ष्यांची नावे ऐकताना त्यांना मधेमधे जांभया येत होत्या. माझ्यावर मात्र त्या थबकल्या. हा पंख पसरून का बसलाय, असे त्यांनी विचारले. वाळवतोय, भिंगराव म्हणाले. त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

भावाबहिणीचे जमले. चांगलेच झाले. पण मित्रांनो, खोटे कशाला बोलू, माझी चिडचिड संपलेली नाही. दोघे एकमेकांची समजूत घालत होते, माझी कोण घालणार? हे ओरखडे बुजत नाहीत. टांकसाळीतल्या त्या बाईंनी आता मला पाहिले, तर त्या ओळखही देणार नाहीत.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते. असे नाणे हाती आले तर कडेने धरा, पुसू नका, चमकवू नका, चढलेली छटा तशीच राहू द्या. जीव लावून काही जपत असाल, तर त्याला खुशाल कुलूप घाला. पण किल्ली फिरवण्याआधी घरच्या माणसांना शेजारी बसवा आणि सगळे दाखवा. ते जांभई देतील. देऊ द्या, पण दाखवा.